मिथ्याभियोग

गतवर्षी माझ्या पुतण्याच्या एका स्नेह्यावर त्याच्या कचेरीतील कोणा एकाने खोटी फिर्याद केली, तेव्हा तो गृहस्थ वकिलाकडे जाण्यापूर्वी मजकडे आला. मी वकील नव्हे. जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला आणि पाठशाळेत थोडेबहुत संस्कृत शिकलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी योग्यता. तथापि या एका विषयात मजला काहीसा अधिकार प्राप्त झालेला आहे, आणि तो मी होऊन मागून घेतलेला नाही. सन २०१८ च्या आश्विनापासून २०२१ च्या पौषापर्यंत मी स्वतः आरोपी होतो.

हकीकत थोडक्यात अशी. निवृत्तीनंतर गावातील एका वाचनालयाचे खजिनदारपद मजकडे आले. पद मानद, म्हणजे कष्ट सगळे आणि वेतन काही नाही. छपराच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणीतून ३,४२,००० रुपये जमले. ते काम आपल्या नातलगास मिळावे अशी एका सभासदाची इच्छा होती. दर चढे म्हणून समितीने ते दिले नाही. काम पुरे होऊन चार महिने लोटल्यावर त्या सभासदाने पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविली, की चिटणीस व खजिनदार यांनी संगनमताने निधीचा अपहार केला. फौजदारी विश्वासघात आणि फसवणूक, ही कलमे लागली. दोन्ही दखलपात्र, दोन्ही अजामीनपात्र. त्या सभासदाचे नाव मी येथे देत नाही. त्याचे कारण पुढे कदाचित वाचकांच्या ध्यानी येईल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी ठाण्यातून दूरध्वनी आला. "गुरुजी, उद्या जरा येऊन जा," एवढेच. बोलणाऱ्याचा स्वर आदबीचा होता. मी दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, सांगितले. आमचे घर अद्याप एकत्र आहे आणि अशा गोष्टी प्रथम दादांच्याच कानी जातात. ते म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला? सरळ जा, सगळे खरेखरे सांग आणि परत ये." मलाही तेच पटले होते; सकाळी लवकर जाण्याच्या बेताने धोतर-सदरा काढूनही ठेवला. परंतु पुतण्या रात्री जेवताना म्हणाला, "काका, खरे सांगायला हरकत नाही, पण आधी वकिलाला सांगा, मग पोलिसांना."

ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की तीविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्या निर्दोषत्वाविषयी संशय उत्पन्न करणे होय. कर नाही त्याने वकील का द्यावा, जामीन का मागावा, गप्प का राहावे? मी सव्वादोन वर्षे या म्हणीच्या सहवासात काढली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की ती न्यायाधीशापुढे शेवटच्या दिवशी खरी असते. पहिल्या आठवड्यात मात्र घातक. त्या आठवड्यात आपण निर्दोष आहो ही गोष्ट आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. पोलीस अधिकाऱ्यास ठाऊक असते ती फिर्याद.

मृच्छकटिक मी वर्गात अनेक वर्षे शिकविले. नवव्या अंकात शकाराने चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ घेतला आहे. न्यायाधीश दुष्ट नाही; चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदरच आहे. परंतु चारुदत्त गणिकेशी असलेला आपला संबंध सांगण्यास संकोचतो, विचारलेल्या प्रश्नास धड उत्तर देत नाही, आणि त्याचा मित्र मैत्रेय सभेत येऊन संतापाने शकाराच्या अंगावर धावून जातो. त्या झटापटीत मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. पुरावा म्हणून आणखी काय हवे? निर्दोष माणसाची लाज आणि त्याच्या मित्राचा राग, या दोहोंनी मिळून त्यास वधस्तंभापर्यंत नेले. विद्यार्थ्यांस हे मी अलंकार व रस यांसह समजावून दिले होते. स्वतःवर प्रसंग आला तेव्हा मला ते आठवले नाही. पुतण्याने, ज्यास संस्कृतात कधी चाळिसाहून अधिक गुण पडले नाहीत, तेच साध्या शब्दांत सांगितले.

मी ठाण्यात गेलो नाही, वकिलांकडे गेलो. त्यांनी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. ही सोय आपल्या कायद्यात पूर्वीपासून नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती नाही. विधि आयोगाने १९६९ च्या आपल्या एकेचाळिसाव्या अहवालात तिची शिफारस केली, आणि कारण जे दिले ते वाचून मी थक्क झालो: वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्यांची बेअब्रू करण्याकरिता त्यांस खोट्या खटल्यांत गोवून काही दिवस तुरुंगात बसवितात, म्हणून. पुढे १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली व तीत ही तरतूद समाविष्ट झाली. म्हणजे मी मॅट्रिक होण्याच्या एकच वर्ष आधी. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही तरतूद संकोचाने न वापरता उदारपणे वापरावी असा निर्णय दिला. अर्ज करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे, ही गोष्ट दादांस समजावून देण्यास मला दोन दिवस लागले.

दुसऱ्याच दिवशी तात्पुरते संरक्षण मिळाले आणि तीन आठवड्यांनी ते कायम झाले. अटी साध्या होत्या. ओळीने चार सोमवारी ठाण्यात हजर राहावे, साक्षीदारांस धमकावू नये, परवानगीवाचून देश सोडू नये. ज्यास कधी साताऱ्यापलीकडे जाण्याचीही हौस नव्हती त्यास ही शेवटची अट ऐकून हसू आले. वकील मात्र हसले नाहीत.

मग पोलिसांची नोटीस आली. ज्या गुन्ह्यांस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यांत सरसकट अटक करू नये, आवश्यकता असेल तरच करावी व ती कारणे लिहून ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका बिहारच्या प्रकरणात बजावले आहे. तेव्हापासून अशा नोटिशीला महत्त्व आले. तीप्रमाणे हजर राहिले पाहिजे. टाळाटाळ केली तर तेच अटकेचे कारण होते. मी चारही सोमवारी वेळेच्या अगोदर जाऊन बाकावर बसलो. शाळेत ज्यांस मी बाकावर उभे केले होते अशांपैकी दोघे तेथे नोकरीस होते. त्यांनी मला चहा दिला. तो घोट घशाखाली उतरेना.

पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर आपली सही घ्यावयाची नसते, हे मला तेथे प्रथम कळले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हा तर घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील अधिकार आहे. वकिलांनी सांगितले होते, की जे कागदाने दाखविता येईल ते कागदाने दाखवा, आणि जे आठवत नाही ते "आठवत नाही" म्हणून सांगा, ओढूनताणून आठवू नका. शिक्षकास "आठवत नाही" म्हणणे किती जड जाते हे शिक्षकच जाणे.

आणि येथे माझी चूक मला सांगितलीच पाहिजे. हिशेब बरोबर होता. सनदी लेखापालाने तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठविलेलाही होता. परंतु सिमेंटच्या १८,६०० रुपयांची पावती मजजवळ नव्हती. पैसे रोख दिले होते आणि त्याची टीप मी दिनदर्शिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने करून ठेवली होती. वर्ष उलटले तशी दिनदर्शिका रद्दीत गेली. त्या एका पावतीपायी मी जितका घामाघूम झालो तितका फिर्यादीनेही झालो नव्हतो. शेवटी दुकानदाराच्या पावतीपुस्तकात दुसरी प्रत मिळाली. त्याने ती शोधण्यास सहा दिवस घेतले आणि त्या सहा दिवसांत गावातील चांगली माणसेसुद्धा मजकडे किंचित तिरप्या नजरेने पाहू लागली आहेत असा मला भास होई. सार्वजनिक पैशास हात लावणाऱ्या प्रत्येकाने रोखीचा व्यवहार टाळावा आणि पावतीची दुसरी प्रत घरात ठेवावी. हे मी मुलांना शिकविले असते. स्वतः केले नव्हते.

आता १ जुलै २०२४ पासून जुने तिन्ही कायदे जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे अमलात आले आहेत. कलमांचे आकडे बदलल्यामुळे जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांची मोठी गंमत होते. पूर्वी ४८२ म्हटले की उच्च न्यायालयाकडून खोटी फिर्याद रद्द करून घेण्याचा अर्ज, असे प्रत्येक कारकुनास पाठ असे. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करून घेण्याचा अर्ज गेला ५२८ मध्ये. नोटिशीचे कलम आता ३५ आहे. नव्या संहितेत दोन गोष्टी आरोपीच्या सोयीच्या आल्या आहेत. तीन वर्षे वा अधिक परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, फिर्याद नोंदण्यापूर्वी चौदा दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते. त्या चौदा दिवसांत ज्याचे कागद तयार आहेत त्यास बोलण्याची संधी आहे. दुसरे असे, की कोणी थेट दंडाधिकाऱ्याकडे खाजगी फिर्याद केली तर तिची दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. पूर्वी ही मुभा नव्हती.

ज्यांस वकिलाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. स्त्रियांस तर उत्पन्न कितीही असले तरी तेथे विनामूल्य वकील मिळतो. निनावी पत्रांनी धमकावण्याचा त्रास एखाद्या स्त्रीस होत असेल, तर तो न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली स्वतंत्र व अधिक शिक्षेचा गुन्हा आहे. तिने ती पत्रे लाजेने जाळून टाकू नयेत, पाकिटासकट ठेवावीत.

खोट्या आरोपाच्या भीतीवर आता काही लोकांनी धंदाच उभारला आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या आळीतील एका निवृत्त गृहस्थास दूरध्वनी आला, की तुमच्या नावाच्या टपालात अमली पदार्थ सापडले आहेत. पडद्यावर पोलिसांचा गणवेश घातलेला मनुष्यही दिसला. "तुम्ही घरातच अटकेत आहा, कोणाशी बोलू नका, पैसे तपासणीसाठी पाठवा." आपल्या कायद्यात अशी पडद्यावरची अटक मुळी अस्तित्वातच नाही. हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॅपवर पाठवून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले आहे. त्या गृहस्थाच्या सुनेने फोन हिसकावून बंद केला म्हणून पैसे वाचले. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम दूर जाते. पण माझा मुद्दा निराळा आहे. त्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कोणाची कवडी घेतली नव्हती, आणि तरीही तो पाच तास दाराला कडी लावून बसला होता. कर नव्हता, डर होताच.

असो. माझ्या प्रकरणाचा तपास संपला तेव्हा टाळेबंदी सुरू झाली होती. आपल्या प्रांतात पोलिसांनी खटला न भरता प्रकरण मिटवावयाचे ठरविले म्हणजे ते दंडाधिकाऱ्याकडे 'समरी' पाठवितात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण माग लागत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी व द्वेषबुद्धीने केलेली. 'क' म्हणजे गैरसमजुतीने केलेली, किंवा मूळचा वाद दिवाणी स्वरूपाचा. माझ्या प्रकरणी 'क' समरी गेली आणि २०२१ च्या जानेवारीअखेर ती मंजूर झाली.

घरात पेढे आले. मी मात्र रुष्ट झालो. गैरसमजूत? सव्वादोन वर्षे माझे नाव गावभर फिरविणारी ती गैरसमजूत? मी तपासी अधिकाऱ्यांकडे जाऊन 'ब' ची मागणी केली. ते सौजन्याने म्हणाले, "गुरुजी, खोटे आहे हे कागद सांगतात, खोटे हे जाणून केले, हे त्याच्या मनात शिरून कोणी सांगावे?" याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोटा दावा करणाऱ्याने दाव्याच्या दुप्पट धन भरावे असा दंड आहे. आजचा कायदा इतका सरळ नाही. लोकसेवकास खोटी माहिती देणे आणि इजा करण्याच्या हेतूने खोटा गुन्हा लादणे हे दोन्ही आजही अपराध आहेत. नव्या संहितेत त्यांची कलमे २१७ आणि २४८. परंतु पहिल्याची फिर्याद त्या अधिकाऱ्यानेच वा त्याच्या वरिष्ठाने करावयाची असते, आणि दुसऱ्याचा संबंध न्यायालयातील कामाशी आला तर न्यायालयानेच. ज्यास चटका बसला त्याच्या हाती त्या किल्ल्या नाहीत.

त्याच्या हाती राहतात दोन वाटा. एक अब्रुनुकसानीची. पण सद्बुद्धीने योग्य अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी होत नाही, असा त्या कलमालाच अपवाद आहे. म्हणजे ठाण्यात दिलेल्या फिर्यादीपेक्षा गावात वाटलेल्या मजकुराचाच तीत अधिक उपयोग. दुसरी वाट द्वेषमूलक फिर्यादीबद्दल दिवाणीत भरपाई मागण्याची. तिला मुदत एक वर्षाची. शिवाय प्रकरण खटल्यापर्यंत गेलेच नाही, तर 'फिर्याद' म्हणावे कशास, यावर वाद आहेच. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली, प्रकरण नुकसान होण्याइतके पुढे गेले होते काय ही कसोटी घालून दिली आहे. वकिलांनी हे सर्व सांगितले आणि दाव्याचा मसुदा करण्यासाठी मला माझ्या नुकसानीची हकीकत लिहून आणण्यास सांगितले.

मी ती लिहावयास बसलो. 'वादीची समाजातील प्रतिष्ठा' या मथळ्याखाली अडतीस वर्षांच्या नोकरीविषयी दोन पाने लिहिली, आणि तेथे अडखळलो. सन १९८९ मध्ये माझ्या वर्गात सहलीच्या वर्गणीचे बासष्ट रुपये नाहीसे झाले होते. मी एका मुलाचा संशय घेतला. का, तर तो गरीब होता आणि मधल्या सुट्टीत एकटा वर्गात होता. त्यास सर्वांदेखत दप्तर उलटे करावयास लावले. काही निघाले नाही, तरी तो दोषी अशीच माझी समजूत राहिली व ती मी लपविली नाही. आठ दिवसांनी पैसे माझ्याच मेजाच्या खणात, हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मी त्या मुलास बाजूला बोलावून "झाले ते झाले" असे म्हटले. वर्गापुढे काहीच बोललो नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. त्याच्या वडिलांची बदली झाली असे कोणी म्हणाले. मी चौकशी केली नाही. माझ्याकडून त्यास 'क' समरीसुद्धा मिळाली नव्हती.

म्हणून मी दावा सोडला, असे म्हणेन तर ते खोटे होईल. दावा सोडण्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. वकिलांनी सहासात वर्षांचा अंदाज दिला होता, कोर्ट-फीचा आकडा निराळाच होता, आणि दादा आजारी पडले. तरी ती दोन पाने मी पुन्हा लिहू शकलो नाही, हे खरे. हिने एकदोनदा विचारले, "अहो, वर्ष संपत आले ना?" मी "पाहू" म्हणालो. २०२२ चा जानेवारी असाच गेला.

ते सभासद आता वाचनालयात येतात. एकदा मासिक बदलण्याच्या खिडकीपाशी समोरासमोर आलो. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. मृच्छकटिकात चारुदत्त शकारास सोडून देतो. मजजवळ तेवढे औदार्य नाही, आणि तो प्रसंग शिकविताना पूर्वीइतकी खात्रीही मला आता वाटली नसती.

२०२३ साली कन्येकडे सिंगापुरास जावयाचे ठरले आणि पासपोर्टसाठी अर्ज केला. पोलिसांच्या दप्तरात माझे नाव निघाले. पडताळणीस आलेले हवालदार ओसरीवर बसले. मी ट्रंकेतून समरीच्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल काढली. ती मी तेव्हाच, हुकूम झाल्याच्या आठवड्यात, मागून घेतली होती. ज्यांची प्रकरणे मिटतात त्यांपैकी पुष्कळजण ती घ्यावयाचे विसरतात आणि मग जुनी दप्तरे धुंडाळीत बसतात. हवालदारांनी ती दोनदा वाचली, 'क' या अक्षरावर बोट ठेवून "म्हणजे मिटलेच की" असे म्हटले, आणि एक झेरॉक्स मागितली. झेरॉक्सचे दुकान वाचनालयाच्या खालीच आहे. पुतण्या जाऊन घेऊन आला.